पिकअपमध्ये कोणती बंदूक ठेवावी

आमच्या घरात बंदुकीतलं कळणारं माणूस एकच होतं, आणि ते म्हणजे मी. माझ्या नवऱ्याने हे चारचौघांत कधी कबूल केलं नाही. आता तो वर गेला आहे आणि मी अजून खालीच आहे, तेव्हा बोलायची पाळी माझी.

माझा बाप वसईकडे एका जमीनदाराच्या केळीच्या वाडीची राखण करायचा. डोंगराकडून रानडुकरं उतरायची, म्हणून मालकाने त्याला लायसनवाली दुनळी बंदूक दिली होती. ती पुसायचं काम माझ्याकडे. भावाकडे दिलं असतं तर तो ती शाळेत घेऊन गेला असता. शिलाई मशीनचं तेल, जुन्या धोतराची चिंधी, आणि बापाची एक शिकवण: बंदूक हातात आली की आधी ती मोडायची. मोडायची म्हणजे तोडायची नाही हो. दुनळीला मध्ये बिजागरी असते, तिथून ती अडकित्त्यासारखी वाकते आणि दोन्ही नळ्यांची मागची तोंडं उघडी पडतात. डोळा लावून बघायचं. पलीकडचा उजेड दिसला तर हातात काठी आहे, नाही दिसला तर बंदूक आहे. मी आठ वर्षांची होते तेव्हापासून दोन नळ्यांतून आभाळ बघत आले. दहा-बारा वेळा चालवलीही. खांदा काळानिळा झाला की आई बापाला शिव्या द्यायची, मला हळद लावायची.

आणि माझा नवरा? त्याच्या बापाचा बेकरीचा धंदा. त्याने जन्मात काही उडवलं असेल तर ते पिठावरचं पाखरू.

तर बहरीन. सत्तरचं दशक सरत आलं होतं. आम्ही तुबलीत राहत होतो, एका गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत. नवरा त्याच गॅरेजात. पुढून ग्रीसचा वास, मागून खाडीचा, आणि मध्ये माझा सुक्या बोंबलांचा. कोणाला कोणाची तक्रार करायला तोंड नव्हतं. पोरगी सहा वर्षांची, इंग्लिश शाळेत. मी मराठीत रागवायचे, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघींना सगळं समजायचं.

एके दिवशी गॅरेजच्या मालकाने धंदा आवरायला घेतला. आमचे व्हिसे त्याच्या नावावर. दीड महिन्यात दुसरा मालक मिळाला नाही तर तिघांनी बॅगा भरून वसई गाठायची. तिकडे माझ्या दिराने बेकरी कधीच आपल्या नावावर करून घेतली होती. म्हणजे परत जाऊन नवऱ्याने करायचं काय, तर भावाच्या भट्टीपुढे हात जोडून उभं राहायचं. हे त्याच्या जिवावर आलं होतं. खोटं कशाला बोलू, माझ्याही आलं होतं. जाऊबाईंचं तोंड मला माहीत होतं.

अशात एक म्हातारा आपली पिकअप दुरुस्तीला घेऊन आला. जिदहफ्सच्या पलीकडे त्याची खजुराची बाग, बकऱ्या, विहीर. तरुणपणी मोत्यांच्या व्यापारात त्याने मुंबईत काही वर्षं काढलेली, त्यामुळे हिंदी बोलायचा. पण कसली हिंदी! त्या काळच्या बाजारातली, निम्मी दलालांची आणि निम्मी शिव्यांची. माझ्या नवऱ्याला म्हणाला, "तुम वसईवाला? वो सूखा केला मिलता है अब भी?"

सुकेळीची आठवण काढली आणि आमचा माणूस विरघळला. म्हाताऱ्याला ड्रायव्हर हवा होता. बागेत राहायला खोली, बायको-पोरीसकट व्हिसा. मग त्याने एकेक विचारायला सुरुवात केली, आणि इथेच सगळी गडबड झाली.

त्या काळी गल्फला गेलेल्या कोणालाही विचारा. मुंबईत एजंटाच्या ऑफिसात आम्हाला एकच मंत्र शिकवलेला असायचा: समोरचा काहीही विचारू दे, 'येस' म्हणायचं. वेल्डिंग येतं? येस. अरबी येते? येस. उंटाचं दूध काढता येतं? येस. आधी आत शिरा, शिकायचं मग बघू. अशा 'येस'वर कितीतरी माणसं तिकडे क्रेनवर चढली आणि वर जाऊन रडली. आमचा माणूसही त्याच शाळेतला.

"ट्रक चलाया है?" येस. "बागका काम?" येस. "बकरी संभाला?" येस. मग म्हातारा म्हणाला, "कुत्ता लोग बहुत आता है बकरी खाने. गाडी में एक बंदूक रखना है मेरे को. बंदूक समझता है?"

"येस," आमचे हे म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तर देव पावला असता. "शिकारी घर है मेरा. जंगली सूअर मारा है. दौडता हुआ."

माझ्या बापाचं डुक्कर! तेही एकदाच मारलेलं, आणि ते आधीच लंगडं होतं.

म्हातारा खूश. म्हणाला, घरात तीन बंदुका आहेत, पुढच्या शुक्रवारी बायको-पोरीला घेऊन ये. माझी बायको तुझ्या बायकोला खोली दाखवेल आणि तू मला सांग, गाडीत कोणती ठेवायची. बंदुका त्याच्या, लायसन त्याचं, जमीन त्याची. आम्ही परदेशी माणसं, बंदूक बाळगायचा आम्हाला काही अधिकारच नव्हता. पण पिकअप चालवणार हा, आणि ती बंदूक असणार याच्या पाठीमागे.

घरी येऊन नवऱ्याने हे सगळं मला चहा पितापिता सांगितलं. त्यातही स्वतःचं कौतुक.

"म्हणजे तू दौडता हुआ डुक्कर मारलास," मी म्हटलं.

"अगं, बोलण्याच्या ओघात गेलं."

"ओघात? आता शुक्रवारी त्याने पुढ्यात बंदूक ठेवली तर तिचं तोंड कुठलं ते तरी कळेल का तुला?"

"त्यात काय कळायचंय? ज्या बाजूने गोळी येते ते तोंड."

देवा रे.

आठवडाभर मी त्याची शिकवणी घेतली. दुपारी जेवायला आला की त्याला खोलीत झाडू खांद्याला लावून उभा करायचे. हातात अडकित्ता देऊन दाखवायचे, ही अशी उघडते, असं बघायचं, बोट चापाच्या बाहेर, सरळ. तो अडकित्त्यात बोट चिमटून घ्यायचा आणि मलाच ओरडायचा. पोरगी कॉटवर बसून टाळ्या वाजवायची. "डॅडी इज अ सोल्जर!" मी म्हटलं, "डॅडी इज अ गाढव. गृहपाठ कर."

गाडीत कोणती बंदूक ठेवावी हेही त्याच्याकडून पाठ करून घेतलं. म्हटलं, बघ, म्हातारा मोठ्या रुबाबाची रायफल काढेल, तिला भुलू नको. बागेच्या चहूकडे वस्ती आहे. रायफलची गोळी कुत्र्याला चुकली तर मनामा शहरात जाऊन कोणाच्या तरी चहाच्या कपात पडेल. दुनळीच्या छर्ऱ्याचा दम थोड्या अंतरात संपतो. एकामागोमाग पाच बार काढणारी दुसरी एक असते, तिच्या पोटात कितीतरी कळा. ह्या देशातली वाळू दाराच्या फटीतून साखरेच्या डब्यात शिरते, ती बंदुकीला सोडेल होय? आणि तिच्यात काही उरलंय की नाही ते झटकन दिसत नाही. दुनळी असली तर दुनळी सांग. मोडली की आंधळ्यालाही कळतं रिकामी आहे. आणि गाडीत ठेवायची ती मोडलेलीच ठेवायची, पिशवीत, काडतुसं वेगळीकडे. भरलेली बंदूक सीटमागे टेकवून खड्ड्यातून गाडी नेलीस तर पहिली शिकार तुझ्या मूत्रपिंडाची.

"तुला कसं गं हे एवढं सगळं?" तो म्हणाला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत त्याने मला एकदाही विचारलं नव्हतं की तुझा बाप करायचा काय.

शुक्रवार उजाडला. चर्चमध्ये मिस्साला जाऊन आलो, तिकडे सुट्टी शुक्रवारचीच, मग म्हाताऱ्याने पाठवलेल्या एका शेजाऱ्याच्या गाडीतून बागेत. बाग छान होती हो. खजुरांच्या सावलीत पाण्याचे पाट, खाली गवत, आणि कोपऱ्यात आम्हाला मिळणार होती ती खोली, तिच्या दाराशी डाळिंबाचं झाड. म्हाताऱ्याची बायको, तिला सगळे हज्जी म्हणायचे, तिने मला खोली उघडून दाखवली. तिला हिंदी येत नव्हती, मला अरबी दहा शब्द. पण बाईमाणसांना स्वयंपाकघर बघायला भाषा लागत नाही. तिने नळ सोडून पाणी दाखवलं, मी हात धुऊन बघितले, ठरलं. मी मनात पडदेही लावले.

मग झाडाखाली गालिचा घातला. हलवा आला, चहा आला आणि त्याच गालिच्यावर तीन बंदुका आल्या. हलव्याच्या ताटापासून वीतभर अंतरावर. एक रायफल, वर दुर्बीण लावलेली. एक पाच बारांची. आणि एक जुनी दुनळी, दस्त्याला सुतळी गुंडाळलेली. माझ्या बापाचीच बहीण म्हणा.

नवऱ्याने काय करावं? सरळ रायफल उचलली. दुर्बिणीला डोळा लावून बकरीकडे बघितलं आणि म्हणाला, "वा! दाढी का बाल भी दिखता है."

मी खोकले.

त्याने रायफल खाली ठेवली. मग मात्र गडी सुरू झाला. वाळूचं बोलला, वस्तीचं बोलला, चहाच्या कपात गोळी पडायचंही बोलला. शब्दनशब्द माझा. म्हातारा मान डोलवत होता. मला इतकं बरं वाटलं की मी हलव्याचा दुसरा तुकडा घेतला.

"गाडी में यही," नवरा म्हणाला आणि त्याने दुनळी उचलली. उचलली ती उचलली, आणि ती गाडीतून झटकन कशी काढायची हे दाखवायला पिकअपकडे निघाला. वळताना नळ्या माझ्या गुडघ्यावरून, पोरीच्या डोक्यावरून, हज्जीच्या किटलीवरून फिरल्या.

सगळं सांगितलं त्याने, फक्त मोडायची तेवढी राहिली.

"अहो, आधी मोडा ती!" मी मराठीत ओरडले.

"थांब गं. मी बोलतोय ना?"

आणि बसला की पिकअपमध्ये. बंदूक सीटमागे टेकवली, परत ओढली, दस्ता दाराला आपटला. मी ताट सोडून धावले. दाराच्या बाजूने गेले, नळ्या जमिनीकडे दाबल्या, त्याच्या हातातून बंदूक काढून घेतली आणि मोडली.

उजेड दिसला नाही.

दोन पितळी बुडं. मी ती नखाने ओढून काढली. दोन लाल काडतुसं, रंग उडालेली, पण भरलेली. तळहातावर ठेवून मी गालिच्यापाशी आले आणि हलव्याच्या ताटाशेजारी मांडली. पोरगी म्हणाली, "मम्मी, आर दे रिअल?"

म्हाताऱ्याने हात झटकले. "गोली बिना बंदूक क्या? लकडी."

हज्जीने त्याला अरबीत काहीतरी विचारलं. त्याने तोंडातल्या तोंडात उत्तर दिलं. नंतर आम्हाला कळलं, ती बंदूक नातवंडं झोपतात त्या खोलीत, खुंटीवर टांगलेली असायची. किती दिवस भरलेली होती ते त्यालाही सांगता येईना. मग त्या बाईचा जो पट्टा सुटला! मला त्यातला 'मजनून', म्हणजे वेडा, एवढाच शब्द कळला, कारण तो चार वेळा आला. म्हातारा दाढीतून हात फिरवत झाडाच्या शेंड्याकडे बघत राहिला. नवऱ्यांना हे सगळ्या देशांत येतं.

पण आमच्या देखत बायकोने झापलं हे त्याला लागलं. आता कोणावर तरी उलटायला हवं होतं. त्याने दोन्ही काडतुसं उचलली, नवऱ्यापुढे धरली आणि भिंतीवरच्या तेलाच्या रिकाम्या डब्याकडे बोट केलं. "शिकारी है न तुम? यल्ला. उडाओ."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. असा चेहरा मी त्याचा फक्त पोरीच्या जन्माच्या वेळी बघितला होता. काडतुसं आत सरकवताना एक खाली पडलं. उचललं, घातलं, बंदूक मिटली, आणि बोट सरळ चापावर. नळ्या कधी डब्याकडे, कधी आभाळाकडे, कधी विहिरीकडे.

मला काय दिसत होतं ते सांगते. दाराजवळचं डाळिंब दिसत होतं. नळाचं पाणी. पोरीची शाळा. जाऊबाईंचं तोंड. गप्प राहिले तर दोन शक्यता: बार निघून डबा पडेल नाहीतर चुकेल, पण नोकरी राहील. नाहीतर तो दचकून वळेल.

"इसको नहीं आता," मी म्हटलं. मोठ्याने. "बाबा, इसने जिंदगी में बंदूक नहीं चलाया."

म्हातारा माझ्याकडे वळला. "और वो सूअर?"

"मेरे बाप ने मारा. वो भी लंगडा था."

"बाप?"

"सूअर."

मी पुढे होऊन बंदूक घेतली, पुन्हा मोडली, काडतुसं काढली. नवऱ्याने ती अशी सोडली की जणू तापलेला तवा होता.

"तुमको आता है?" म्हाताऱ्याने विचारलं.

"आता है. लेकिन मैं भी नहीं चलाएगी. दीवार के पीछे क्या है?"

म्हातारा उठला. गुडघे धरत भिंतीपाशी गेला आणि टाचा उंचावून पलीकडे बघितलं. पलीकडे रस्ता. दोन पोरी कागदात गरम खुबूस, म्हणजे तिकडच्या रोट्या, गुंडाळून चालल्या होत्या, एकीने कडा तोडून तोंडात घातली होती. तो बराच वेळ तिकडेच बघत राहिला. मग परत येऊन बसला आणि चहाचा कप उचलला. कप रिकामा होता, तरी त्याने तो तोंडाला लावला.

हज्जीने माझ्या हातातली काडतुसं घेतली आणि आपल्या कपड्यात कुठेतरी गडप केली. ती कुठे गेली ते तिचं तिलाच ठाऊक.

"कल सुबह आना," म्हातारा नवऱ्याला म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही.

घरी मी भात टाकला, बोंबलांची चटणी केली. नवरा भिंतीला टेकून बसला.

"लागलाही असता डबा," शेवटी तो म्हणाला.

"हो. आणि पोरगीही लागली असती."

"तू सगळ्यांसमोर बोललीस. मला एकट्याला बाजूला घेऊन बोलता आलं नसतं?"

"तुझं बोट कुठे होतं ते आठव, मग मला विचार, बाजूला कधी घ्यायचं."

त्याने दोनदा भात घेतला. मग म्हणाला, "माझे हात कापत होते गं." मी म्हटलं, "दिसलं." म्हणाला, "मला वाटलं, मी कोणाला तरी मारणार आज." मग मी त्याला तिसऱ्यांदा भात वाढला. त्याला रागवायला अख्खा जन्म पडला होता, आणि तो मी पुढे नीट वापरलाही.

सकाळी तो इस्त्रीची पॅन्ट घालून गेला. नकार ऐकायला जाताना माणूस नीटनेटका का होतो कोण जाणे. मी इकडे पोरीला शाळेत न पाठवता बॅगा काढून त्यांतली झुरळं झटकली. सासूबाईंनी दिलेली मोठी पितळी परात बॅगेत मावेना, ती कोणाला द्यायची याचा विचार करत बसले.

अकराच्या सुमारास दारात पिकअपचा हॉर्न वाजला. चालवत होता नवरा. शेजारी म्हातारा. त्याने मला हाताने बोलावलं आणि सीटमागे बघ म्हणून खूण केली. तिथे कापडी पिशवीत दुनळी होती, मोडलेली, नळ्या एकीकडे, दस्ता एकीकडे. मी तरीही नळ्या उचलून डोळा लावला. सवय. पलीकडे गॅरेजचा पत्रा दिसला.

"गोली हज्जी के पेटी में," म्हातारा म्हणाला. "चाबी भी उसके पास. कुत्ता आएगा तो पहले हज्जी को ढूंढना, फिर पेटी, फिर चाबी. तब तक कुत्ता बकरी खाके सो जाएगा."

"हॉर्न बजाओ," मी म्हटलं. "कुत्ता भागेगा."

"वही हज्जी बोलती है." तो वैतागला होता, पण ओठ हसत होते. मग नवऱ्याकडे अंगठा करून त्याने मला विचारलं, "गाडी चलाना इसको सच में आता है? या वो भी तुम सिखाया?"

नवरा पुढे बघत स्टिअरिंग धरून बसला होता. कान लाल.

मी विचार केला. एकदा खरं बोलून झालंच होतं.

"गाडी अच्छा चलाता है, बाबा. पीछे लेना थोडा कच्चा है."

म्हातारा म्हणाला, "बैठो." पोरीला आणि मला त्याने मागे बसवलं आणि आम्ही बागेत गेलो. तिथे त्याने नवऱ्याला बागेभोवती उलट्या गाडीने फेऱ्या मारायला लावल्या, स्वतः दारातून अर्धा बाहेर लोंबकळून, मुंबईच्या दलालांच्या शिव्या देत. पहिली फेरी बरी झाली. दुसरीला हज्जी बघायला बाहेर आली. तिसऱ्या फेरीला बकऱ्यांचं कुंपण गेलं. बकऱ्या सगळीकडे. नवरा, मी, पोरगी आणि सत्तरीचा तो म्हातारा, चौघे त्यांच्यामागे पळालो, आणि सगळ्या आत आल्यावर म्हाताऱ्याने धापा टाकत पाटाच्या काठावर बसून, मांडीवर फाईल ठेवून, आमच्या तिघांच्या व्हिसाच्या कागदांवर सही केली.